गावाच्या लेखी मी ताश्कंदला होते

“मग फ्लेक्स उतरवायचा का?”

मामा पप्पांना विचारत होता. दोघे शिरूरच्या छातीच्या डॉक्टरांच्या केबिनमधून नुकतेच बाहेर आले होते आणि पाण्याच्या फिल्टरपाशी उभे होते. मी समोरच्या बाकावर बसले होते. मामाला हळू बोलता येत नाही. दौंड जंक्शनवर गाड्यांच्या आवाजात नोकरी केलेल्या माणसाचा आवाज आहे तो.

पप्पा म्हणाले, “उतरवून लोकांला काय सांगायचं?”

माझ्या छातीत काय आहे हे मला अजून कोणी सांगितले नव्हते. डॉक्टरांनी आधी त्या दोघांना आत घेतले होते. मी वीस वर्षांची होते. एक्स-रे माझा होता, बेडका माझा होता, रिपोर्टवर नाव माझे होते.

मग मलाही बोलावले. डॉक्टर पप्पांकडे बघून बोलत होते. “सीबीनॅट पॉझिटिव्ह आलीय. पल्मनरी ट्यूबरक्युलोसिस. रिफॅम्पिसिनला सेन्सिटिव्ह आहे, ही चांगली गोष्ट. सहा महिने गोळ्या, एक दिवस चुकवायची नाही. पूर्ण बरी होईल.”

सीबीनॅट म्हणजे बेडक्याची मशीनवरची तपासणी. टीबीचे जंतू आहेत का, आणि मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का, हे ती काही तासांत सांगते. सेन्सिटिव्ह म्हणजे औषध चालेल. हे मी नंतर वाचून समजून घेतले. त्या वेळी मला फक्त एवढे दिसले की टेबलावर प्लास्टिकचे एक फुफ्फुस आहे आणि त्याचा वरचा तुकडा हरवला आहे.

“केस सरकारकडे कळवावी लागते,” डॉक्टर म्हणाले. “त्यांची माणसं घरी येतील. सगळ्यांना तपासतील.”

“घरी येत्यात?” पप्पांनी विचारले.

“येतात ना. घरात कोण कोण आहे?”

“आम्ही दोघं, पोरगा, सून.”

“पाच वर्षांखालचं मूल? त्यांना धोका जास्त असतो. आजार नसला तरी औषध द्यावं लागतं.”

“न्हाई,” पप्पा म्हणाले. “लहान कोण न्हाई.”

माझ्या भावाची मुलगी ओवी तेव्हा सात-आठ महिन्यांची होती. रोज दुपारी ती माझ्या गादीवर झोपायची. मी प्लास्टिकच्या फुफ्फुसाकडे बघत राहिले.

हे मी लिहिते आहे ते ज्यांना हा आजार नुकताच कळला आहे त्यांच्यासाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरातल्यांसाठी. आजार औषधाने जातो. बाकीच्या गोष्टींना औषध नाही, त्या तुम्हालाच बघाव्या लागतील.

सुरुवात कशी झाली ते सांगते. खोकला दोन महिन्यांपासून होता. संध्याकाळी अंग तापायचे आणि रात्री उशी ओली व्हायची. वजन उतरत होते. नीटची परीक्षा मी लागोपाठ तीनदा दिली होती, त्यामुळे घरात कारण तयार होते. आई सगळ्यांना सांगायची, “अभ्यासानं वाळली पोरगी.” खोकल्यासाठी मेडिकलमधून सिरप यायचे. गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले, ताप उतरला, परत आला. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बेडका तपासा, हे वाक्य आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेले असते. मी ते अनेकदा वाचले होते, पण ते आमच्यासाठी लिहिले आहे असे आम्हाला कधी वाटले नाही.

नीटच्या मार्कांवर सरकारी सीट मिळाली नाही. इथले खाजगी कॉलेज आमच्या ऐपतीबाहेरचे. मग पुण्यातल्या एका एजंटमार्फत ताश्कंदच्या एका युनिव्हर्सिटीत एमबीबीएसचे ठरले. उझबेकिस्तान.

डॉक्टर का व्हायचे आणि तेही परदेशात जाऊन का, हे मला त्या काळात खूप जणांनी विचारले. उत्तर मात्र ज्याचे त्यानेच दिले. पप्पा म्हणायचे, “आपल्या भावकीत डॉक्टर न्हाई.” आई म्हणायची, डॉक्टरीण म्हटले की स्थळे चालून येतात. दादाने न्हावरा रोडच्या आमच्या तुकड्यावर हॉस्पिटल कुठे उभे राहील ते पायाने रेघ ओढून दाखवले होते. एजंटच्या ऑफिसातल्या कौन्सेलर मॅडमनी तर मला पूर्ण गोष्टच पाठ करायला लावली. माझे आजोबा खेड्यात डॉक्टर नसल्यामुळे वाटेतच गेले आणि त्या दिवशी मी ठरवले, वगैरे.

“आबा झोपेत गेले,” मी त्यांना म्हणाले. “मेंढरांमागे चालून चालून शेवटपर्यंत ठणठणीत होते.”

“इंटरव्ह्यूला इमोशनल टच लागतो, डिअर,” त्या म्हणाल्या. मी पाठ केले.

माझे स्वतःचे कारण मी कोणाला सांगितले नाही, कारण ते फारसे चांगले दिसत नव्हते. मला बोलता येत नाही. शिरूरच्या इंग्रजी शाळेत मी निमोण्याची होते, आणि आमच्या गावात, निमोण्यात, इंग्रजी शाळेची. दोन्हीकडे तोंड उघडले की कोणीतरी हसायचे. मग मी बघायला शिकले. कोण लंगडतो, कोणाचे डोळे पिवळे झालेत, कोण हसताना तोंडावर हात धरतो. डॉक्टरला माणसाकडे निरखून बघायची परवानगी असते, आणि त्याने आधी बोलावे अशी कोणाची अपेक्षा नसते. हे माझे डॉक्टर व्हायचे कारण. परदेशाचे कारण याहून लहान होते. तिथे मी कोणाची पोरगी हे कोणी विचारणार नव्हते.

ॲडमिशनचे पत्र आल्याबरोबर पप्पांच्या मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला. वर नेत्यांचे फोटो, मधे मी, आणि खाली पन्नास शुभेच्छुक. माझ्या दहावीच्या फोटोला कोणीतरी पांढरा कोट चढवला होता आणि गळ्यात स्टेथोस्कोप घातला होता. अजून मी कॉलेजची पायरीही चढले नव्हते. युनिव्हर्सिटीला फिटनेस सर्टिफिकेट हवे होते, त्यात छातीचा एक्स-रे. तेवढ्यावरून आम्ही शिरूरला गेलो होतो.

डॉक्टरांकडून आम्ही घरी आलो, आई वाट बघत होती. पुढचा घाट मामानेच घातला.

“हितं ठिवली तर चार दिवसांत गाव बोंबलंल,” तो म्हणाला. “हिला माझ्याकडं दौंडला आणा. गोळ्या तिथं चालू करू. सहा महिन्यांनी बरी झाली की खरंच पाठवू. गावाला काय कळतंय?”

“आन् तवर?” आईने विचारले.

“तवर ती गेलीच की ताश्कंदला.”

मला वाटले पप्पा त्याला रागावतील. पप्पा म्हणाले, “निरोपसमारंभ रविवारी ठरलाय. तो करावा लागंल.”

टीबी हा शब्द आमच्या घरात त्या दिवसानंतर कोणी उच्चारला नाही. “छातीचं” म्हणायचे. वहिनीला तर छातीचेही सांगितले नाही. ती मांडवगण फराट्याची. तिला सांगितले तर तिच्या माहेरी कळेल, आणि ते म्हणतील, टीबीच्या घरात पोरगी दिली. आईने हे मला समजावून सांगितले. शेवटी म्हणाली, “ती बाहेरची हाय गं.” वहिनी तेव्हा आत आमच्या सगळ्यांच्या भाकरी करत होती.

रविवारी मारुतीच्या मंदिरासमोर मांडव घातला. माझ्या गोळ्या सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता खूप कमी होते. ते दोन आठवडे माझे अजून व्हायचे होते. मी मास्क लावून बसले. कोणी विचारले की आई सांगायची, “इमानात लागतो, सवय करतीय.”

शाल दिली, नारळ दिला. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आप्पांनी मामाला विचारले, “उझबेकिस्तान म्हंजी पाकिस्तानच्या अलीकडं का पलीकडं?”

“वरच्या अंगाला, आप्पा,” मामा म्हणाला.

“मंग पोरीला लांबच दिली.”

“दिली न्हाई आप्पा, शिकाय चाललीय.”

“त्येच की,” आप्पा म्हणाले.

फोटोच्या वेळी वहिनीने ओवीला माझ्या मांडीवर ठेवले. “घ्या की ताई. आता कवा भेटायची तुम्हांला ही!” ओवीने लगेच माझा मास्क धरला आणि ओढला. मी मान जितकी वळेल तितकी वळवली आणि श्वास धरून ठेवला. पप्पांनी माझ्याकडे बघितले. मग त्यांनी फोटोग्राफरकडे बघितले आणि म्हणाले, “काढ लवकर.” त्या फोटोत मी बाजूला बघते आहे. लोक म्हणाले, पोरगी रडू लपवतीय.

गाडी शिरूरवरून नगर रोडला लागली. भावकीतली दोन पोरे बाईकवर कारेगावपर्यंत सोडायला आली, म्हणून आम्हाला तिथपर्यंत जावेच लागले. ती वळल्यावर आम्ही शिक्रापूर, न्हावरा, चौफुला असा उलटा वळसा घालून दौंडला मामाच्या घरी पोचलो. मामीने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. मामा म्हणाला, “या, ताश्कंद आलं.” तो एकटाच हसला.

औषधाबद्दल सांगते, कारण मला हे कोणी नीट सांगितले नव्हते. गोळ्या सकाळी एकदम घ्यायच्या असतात. एका गोळीत चार औषधे असतात आणि किती गोळ्या हे तुमच्या वजनावर ठरते. दोन महिन्यांनी चारातले एक औषध कमी होते आणि गोळी बदलते. पहिल्या दिवशी लघवी केशरी होते. घाबरू नका, ते रिफॅम्पिसिनमुळे होते. मळमळ होते. सांधे दुखतात. भूक मेली, उलट्या थांबेनात, डोळे पिवळे दिसले, किंवा नजर अंधुक झाली, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. माझी एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, एकदा बिघडली. गोळ्या काही दिवस थांबवून एकेक करून परत सुरू कराव्या लागल्या. हे डॉक्टरांनी करायचे असते, आपण नाही. आणि महिन्या-दीड महिन्यात एकदम बरे वाटू लागते. ताप जातो, भूक लागते. तिथेच बरेच जण सोडतात. सोडू नका.

दौंडच्या सरकारी दवाखान्यातून माझ्या गोळ्या मिळायच्या. तिथल्या सिस्टरने पहिल्या दिवशी विचारले, “गावी घरी कोण कोण आहे?”

“आई-बाप,” मामी म्हणाली. “पर ही लहानपणापासनं आमच्याकडंच. गावाला जातच न्हाई.”

“तू सांग,” सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाली.

त्या सगळ्या महिन्यांत माझ्याकडे बघून प्रश्न विचारणारी ती एकटी. मी म्हणाले, “मामी सांगते ते.” मामा-मामीचे एक्स-रे झाले, स्वच्छ आले. सिस्टर एकदा घरी येऊन खिडक्या उघड्या ठेवायला सांगून गेली. शिरूरच्या कागदांवरही पप्पांनी पत्ता मामाचाच दिला होता, त्यामुळे निमोण्याचे नाव कुठे आलेच नाही.

मामाच्या घराची मागची खोली माझी. खिडकीखालून रेल्वे यार्डाची भिंत जाते. मी अंगणात यायचे नाही, कारण दौंडच्या बाजारात निमोण्याची माणसे असतात. मला ज्यासाठी परदेशी जायचे होते ते मला तिथे सगळे मिळाले. एकटी खोली, आतून कडी, आणि मी कोणाची पोरगी हे न विचारणाऱ्या भिंती.

मग व्हिडिओ कॉल सुरू झाले. दर आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी आमच्या घरी येऊन बसायचे आणि म्हणायचे, “लावा की डॉक्टरीणबाईला.” आई आधी मिस कॉल द्यायची. मग मामी मला स्वेटर घालायची. बाहेर चाळीसची उष्णता आणि मी लाल लोकरी स्वेटरमध्ये पांढऱ्या भिंतीसमोर. फॅन बंद, कारण फॅनचा आवाज येतो. ताश्कंदला उन्हाळ्यात दौंडइतकेच तापते हे मी दोनदा सांगून बघितले. मामा म्हणाला, “तुला म्हायती हाय, गावाला न्हाई. गावाला परदेश म्हंजी थंडी.” वेळेचेही तसेच. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. पण आईने सगळ्यांना सांगून ठेवले होते की तिकडे आपला दिवस म्हणजे रात्र असते. म्हणून भरदुपारी मी जांभया द्यायच्या.

एकदा कॉल चालू असताना इंजिनाने लांब शिट्टी मारली.

“तिकडं बी रेल्वे हाय व्हय?” चुलत्यांनी विचारले.

“स्टेशन जवळ आहे,” मी म्हणाले.

“बघा,” ते आईला म्हणाले, “किती सुधारल्यात लोक.”

हसू येते ना? मलाही यायचे. मामी तर तोंडात पदर कोंबायची. कॉल संपला की मी स्वेटर काढायचे, अंग पुसायचे, आणि घामाने ओली पाठ भिंतीला लावून खोकायचे.

फोन फक्त वहिनीचे वेगळे असायचे. ती एकटी असताना करायची, आवाज कमी करून. “ताई, तुम्ही आता डॉक्टरकीचं शिकताय म्हणून विचारते. ओवी खात न्हाई. अंगणवाडीच्या ताई म्हणतात, दोन महिन्यांत वजनाचा काटा हलला नाही. संध्याकाळचं अंग कोमट लागतं.”

मी आधी ताश्कंदच्या विद्यार्थिनीसारखे उत्तर दिले. म्हणाले, शिरूरला बालरोगतज्ज्ञांना दाखवा, छातीचा एक्स-रे काढायला सांगा.

“तापाला एक्स-रे?” वहिनी म्हणाली. “हे म्हणतात दात येत्यात.”

मी दादाला फोन केला. दादा म्हणाला, पप्पांना विचारतो. पप्पांना केला. पप्पा म्हणाले, “तू तुझ्या गोळ्या घे. घरचं आम्ही बघतो.” आईला केला. आई म्हणाली, “एक्स-रे काढला आन् काय निघालं, तर कुठनं आलं म्हणून इचारतील. तवा काय सांगायचं, तूच सांग.” मामाला सांगितले. मामा म्हणाला, आबा काय म्हणायचे, खोकणारे मेंढरू वेगळे बांधावे, ते आपण बांधले, आता घोर नको. आबा खोकणारे मेंढरू वेगळे बांधल्यावर उरलेला सगळा कळप एकेक करून चाचपायचे. मी ते लहानपणी बघितले होते. मामाला ते माहीत नव्हते, किंवा ते आठवणे त्याला सोयीचे नव्हते.

या सगळ्यांना ओवीची माया नव्हती असे नाही. पप्पा रात्री तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचे. पण खांद्यावरचे मूल आणि चौकातली चर्चा, यांत चर्चा जास्त जड भरली. बाहेरून सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही, म्हणून मी घरातून सांगते आहे.

पुढचे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. ओवी आज बरी आहे. तिला टीबीच होता. छातीच्या आतल्या गाठी सुजल्या होत्या, त्याला हायलर लिम्फ नोड्स म्हणतात. लहान बाळांना बेडका काढता येत नाही, म्हणून पुण्याच्या हॉस्पिटलात सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातले पाणी काढतात आणि ते तपासतात. ती नळी घालताना वहिनीने तिचे हात धरले होते. तिच्यासाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या असतात. सहा महिने त्या चालल्या. औषध सुरू झाल्यावर महिनाभरात ती वाटी ओढून घेऊन वरणभात खाऊ लागली. डॉक्टर म्हणाले, “वेळेत आणलंत. या वयात हा आजार मेंदूकडेही जाऊ शकतो.” वेळेत, हा शब्द त्यांनी सहज वापरला. वेळ किती वाया गेला हे त्यांना कोणी सांगितले नाही.

माझ्याही गोळ्या संपल्या. शेवटचा बेडका निगेटिव्ह आला. फुफ्फुसाच्या वरच्या भागात एक व्रण राहील, तो एक्स-रेवर कायम दिसेल. प्रत्येक फिटनेसच्या वेळी तो मला समजावून सांगावा लागेल. पप्पा माझ्याशी कामापुरते बोलतात. दादा बोलत नाही. गाव काही महिने बोलले, मग त्यांना दुसरे मिळाले. माझ्यामुळे सगळ्यांची मान खाली गेली, असे आई अजून म्हणते. आजारामुळे असे ती म्हणत नाही.

युनिव्हर्सिटीने पुढच्या बॅचला घेतले आहे. या वेळी खरेच जाते आहे. डॉक्टर का व्हायचे, याचे उत्तर आता मला पाठ करावे लागत नाही. मला टेबलाच्या त्या बाजूला बसायचे आहे. समोर बाप बोलत असेल, मामा बोलत असेल. त्यांना मी बाहेर बसायला सांगेन आणि मुलीला विचारेन, घरात लहान कोण आहे? ती गप्प राहिली तर पुन्हा विचारेन. परदेशात का, तर ते शिकायची सीट मला तिथे मिळाली म्हणून. लपायला परदेश लागत नाही, कोणतेही गाव चालते, हे मी दौंडला शिकले.

आता हे सगळे ज्या दिवशी बाहेर आले तो दिवस.

ओवीचा पहिला वाढदिवस होता. दुपारचे जेवण, मांडवगणहून वहिनीचे आई-वडील आलेले, भावकी जमलेली. दादाने फोन टीव्हीला जोडला होता. म्हणजे मी निमोण्याच्या घरी बाहेरच्या खोलीत भिंतीवर दिसणार होते. मामीने स्वेटर घातला, पावडर लावली आणि म्हणाली, “हॅपी बर्थडे म्हणायचं, हात हलवायचा, नेट गेलं म्हणायचं.”

कॉल लागला. आधी फुगे दिसले, मग माणसे. आप्पा पुढेच बसले होते. “बर्फ पडला का गं तिकडं?” त्यांनी विचारले. सगळे हसले.

वहिनी ओवीला घेऊन टीव्हीच्या जवळ आली. फ्रॉक गुलाबी, झालरीचा. तो गळ्याशी सेफ्टी पिनने आवळला होता, कारण अंगाला बसत नव्हता. मी बघायला शिकलेली आहे. मान बारीक, डोळ्यांखाली सावली, श्वासाबरोबर बरगड्यांमधली कातडी आत जात होती. ती खोकली. लहानसा खोकला, म्हाताऱ्या माणसासारखा कोरडा.

वहिनीच्या आईने हात जोडले. “डॉक्टरीणबाई, आमची नात अंगच धरंना बघा. तुमच्या तिकडचं कायतरी औषध सांगा.”

“तिला काय इचारता,” पप्पांचा आवाज मागून आला. “पहिल्या वर्षाला हाय ती. दातांचं हाय, सांगितलं ना. कापा केक.”

मामी कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून मला हात हलवायची खूण करत होती. वहिनी अजून माझ्याकडेच बघत होती, माझ्या तोंडून काहीतरी येईल म्हणून. तिच्यामागे दादा फोनकडे हात नेत होता.

मी स्वेटर डोक्यातून काढला. केस विस्कटले. मी कधी मोठ्याने बोलत नाही, त्यामुळे पहिला शब्द घशातच फाटला. मी परत सुरुवात केली.

“वहिनी, मी ताश्कंदला गेलेच नाही. मी दौंडला आहे, मामाच्या घरी. मला फुफ्फुसाचा टीबी झालाय, तुमच्यात राहत होते तेव्हापासून. ओवी माझ्या गादीवर झोपायची. हे दातांचं नाही. तिला घ्या आणि आत्ता शिरूरला निघा, कोणाला विचारत बसू नका.”